गार्ड कोणी बसवला?

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी चाकण औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या गेटसमोर मोटरसायकल घसरली. गतिरोधकावर डंपरमधून सांडलेली बारीक खडी होती. चालक त्याच कारखान्याचा स्टोअरकीपर, वय पंचावन्न. गाडी डाव्या अंगावर पडली. क्रॅश गार्ड, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंना बसवलेला नळीचा वाकवलेला दांडा, सिमेंटच्या कडेवर आपटला आणि चालकाचा पाय वाचला. गार्डच्या नळीचे खालचे टोक मात्र उघडे पडले आणि त्यातून तेलकट चिंध्यांत गुंडाळलेले एकोणीस इन्सर्ट रस्त्यावर सांडले. पहिली पाळी नुकतीच सुटली होती. साठ-सत्तर कामगारांनी हे पाहिले. काहींनी मोबाइलवर चित्रीकरण केले.

माझ्या सेवेत याहून मोठे गुन्हे झाले. त्यांतल्या अनेकांचे तपशील आता कागद पाहिल्याशिवाय सांगता येत नाहीत. या प्रकरणाचे सांगता येतात.

मी तेव्हा त्या भागातल्या पोलीस ठाण्यात निरीक्षक (गुन्हे) होतो. निवृत्तीला दोन वर्षे राहिली होती.

आधी इन्सर्टबद्दल सांगतो. लेथवर धातू कापणाऱ्या हत्याराच्या टोकाला नखाएवढा एक तुकडा बसवतात, तो इन्सर्ट. लोखंडापेक्षा कितीतरी कठीण आणि आकाराच्या मानाने फार महाग. मूठभर इन्सर्ट बाहेर नेणारा माणूस एका कामगाराचा महिन्याचा पगार बाहेर नेत असतो. म्हणून हा माल जाळीच्या खोलीत कुलपात ठेवतात आणि झिजलेला तुकडा परत दिल्याशिवाय नवा देत नाहीत. पहिल्या पाळीत त्या खोलीची किल्ली स्टोअरकीपरकडे असे.

फिर्याद कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याने दिली. ठाणे अंमलदाराने गुन्हा नोंदवला, आम्ही जागेवर जाऊन पंचनामा केला. मुद्देमालात मोटरसायकल, एकोणीस इन्सर्ट, चिंध्या आणि रस्त्याच्या कडेला मिळालेला काळ्या प्लास्टिकचा एक तुटका तुकडा अशी नोंद झाली. तो तुकडा माझ्या हवालदाराने उचलला होता. हा हवालदार तिथल्याच एका गावचा, नोकरीची वीस वर्षे याच पट्ट्यात काढलेला.

"हा कचरा कशाला?" मी विचारले.

"असू द्या साहेब. टाकून द्यायला आयुष्य पडलंय," तो म्हणाला आणि त्याने तुकडा पाकिटात घालून पाकीट सीलबंद केले.

कारखान्याने त्याच संध्याकाळी जाळीच्या खोलीतला साठा तपासला. नव्या इन्सर्टच्या सोळा डब्यांत नवे तुकडे नव्हते. त्यांच्या जागी झिजलेले तुकडे भरून झाकणे लावलेली होती. दर महिन्याची तपासणी बिनचूक होत आली होती, कारण तपासणारे डबे मोजत, उघडत नसत.

किल्ली ज्याच्याकडे, माल त्याच्याच गाडीत आणि साक्षीदार म्हणून सत्तर माणसे. मी रात्री आठच्या आत स्टोअरकीपरला अटक केली. बुधवारी न्यायालयाने शनिवारपर्यंत पोलीस कोठडी दिली. कारखान्याने निलंबनाचे पत्र त्याच दिवशी त्याच्या घरी पाठवले.

चौकशीत मी सुरुवातीला गुन्ह्याबद्दल विचारत नसे. घर, येणे-जाणे, जेवणाची वेळ, शेजारी असे विचारत जायचो. माणूस खरे बोलताना किती वेळ घेतो, याचा त्यातून अंदाज येतो. स्टोअरकीपर मूळचा लातूर जिल्ह्यातला, अठ्ठावीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी आलेला. पिंपरीत संत तुकाराम नगरमध्ये राहायचा आणि रोज मोटरसायकलवरून चाकणला यायचा. उत्तरे चटचट देत होता.

"गाडी दुसऱ्या कुणाला देता?"

"नाही साहेब. पोरगासुद्धा हात लावत नाही."

"मग नळीत माल कुणी भरला?"

"मला काय बी माहीत नाही. देवाशपथ सांगतो."

"देवाला राहू द्या. गार्ड कुणी बसवला?"

इथे तो थांबला. टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत राहिला.

"बाजारातून घेतला."

"कुठल्या?"

"पिंपरीतून. स्टेशनजवळच्या दुकानातून."

"दुकानाचं नाव?"

"आता आठवत नाही बघा."

हवालदार गार्डचे फोटो घेऊन पिंपरीला गेला. त्या भागात मोटरसायकलच्या सामानाची चार दुकाने होती. चौघांनीही माल आपला नाही असे सांगितले. चौथ्या दुकानदाराने फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला.

"हवालदारसाहेब, हा दुकानाचा मालच नाही," तो म्हणाला. "आमच्याकडे येतो तो गार्ड पातळ नळीचा. ही नळी कारखान्यातली आहे. आणि वाकवलीय बघा कशी! वळणावर कुठं चपटी झालेली नाही. हा हात सापडला तर जेलात टाकू नका, माझ्याकडे पाठवा."

स्टोअरकीपर खोटे बोलला होता. आरोपी खोटे बोलताना सापडला की तपास अधिकाऱ्याला बरे वाटते. मलाही वाटले. बुधवारी संध्याकाळी मी वरिष्ठांना फोनवर सांगितले, की आरोपी एक-दोन दिवसांत कबूल होईल. त्या रात्री आणि गुरुवारी सकाळी मिळून त्याला मी तोच प्रश्न नऊ-दहा वेळा विचारला. तो पिंपरीवर कायम राहिला. दुकानदारांचे जबाब वाचून दाखवले तेव्हा म्हणाला, "त्यांच्या ध्यानात नसंल."

गुरुवारी अकराच्या सुमारास त्याची पत्नी ठाण्यात आली. हातात डबा होता. घरचा डबा परवानगीशिवाय देता येत नाही, असे ठाणे अंमलदाराने सांगितल्यावर तिने तो पिशवीत ठेवला आणि माझ्या खोलीत आली.

"डब्याचं राहू द्या," ती म्हणाली. "एक विचारायचंय. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर ह्यांचा व्हिडिओ आलाय. टाकणारा माणूस रोज सकाळी ह्यांच्यासंगं फिरायला जातो. दोन दिवस झाले, मी खाली उतरले नाही. ह्यांनी केलंय का?"

"तपास चालू आहे," मी म्हणालो.

"म्हणजे तुम्हालाबी माहीत नाही."

मी तिला खुर्ची दाखवली.

"अडीच वर्षं राहिलीत नोकरीची. आता चोर म्हणून काढलं तर आधीची सगळी वर्षं चोराचीच व्हायची ना? लेकीच्या सासरी काय सांगू? आणि साहेब, नळीत भरायचं, झाकण लावायचं, हे असलं ह्यांना यायचं नाही. घरात मिक्सरचा स्क्रू मी आवळते. ह्यांना भिंतीत खिळा ठोकता येत नाही."

बायकोने नवऱ्याची बाजू घेणे यात नवे काही नसते. मी तिचे म्हणणे डायरीत लिहून घेतले, कारण सगळेच लिहून घ्यायची सवय होती. ती गेल्यावर पुन्हा वाचले. खिळ्याचे वाक्य बनवून सांगितल्यासारखे नव्हते. मी मुद्देमाल कारकुनाकडून पंचांसमोर ते पाकीट उघडवून घेतले. काळा तुकडा प्लास्टिकचा नव्हता, नायलॉनचा होता. त्याच्या एका बाजूला आटे पाडलेले होते, दुसऱ्या बाजूला पाना बसण्यासाठी षटकोनी खाच. नळीच्या टोकात त्याच आट्यांचा दुसरा अर्धा तुकडा अडकून होता. हे बूच होते आणि लेथवर बनवलेले होते. स्टोअरकीपरला लेथ चालवता येत नव्हता.

दुपारी हवालदार साध्या कपड्यांत गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला. टपरी चालवणारी बाई शेजारच्या गावची. तिचा नवरा पूर्वी तिथेच शेती करायचा, जमीन गेल्यावर टपरी टाकली. बोलणे कसे झाले ते हवालदाराने मला जसेच्या तसे सांगितले.

"स्टोअरवाले काका चोर?" ती म्हणाली. "कोन म्हनतं? त्यांच्या हातात कदी पाना बघितला न्हाई मी. गाडीचं समदं त्यो फिटर भाऊ करतोय."

"कुठला फिटर?"

"मेंटेनन्सचा. आमच्याच गावचा हाय. दर शनवारी पाळी सुटली की काका हितं च्या पित्यात आन् भाऊ गाडीखाली बसून गार्ड आवळतोय."

"दर शनिवारी?"

"व्हय. मी म्हनलं बी एकदा, अवो भाऊ, आवळून आवळून गार्ड मोडचाल की!"

"मग काय म्हणाला?"

"हसला. म्हनला, रस्ते कसले हायेत, बघती न्हाईस का?"

फिटर देखभाल विभागात होता. यंत्रे, पंखे, पाण्याचे पंप दुरुस्त करणे हे त्याचे काम. कारखान्याच्या कुंपणाला लागून त्याचे गाव होते आणि तो चालत यायचा. चालत येणाऱ्यांची झडती कडक असे: खिसे, डबा, बूट, सगळे. मोटरसायकलवाल्यांची डिकी आणि पिशवी पाहत. जुन्या माणसांची तीही पाहत नसत.

साडेतीनला पाळी सुटायच्या वेळी मी हवालदाराला घेऊन कारखान्याच्या आवारातल्या पार्किंगमध्ये उभा राहिलो. दुकानदाराने सांगितलेले वळण आता आम्हाला ओळखू येत होते. तसाच गार्ड लावलेल्या अकरा मोटरसायकली मिळाल्या. मालक आले तसे हवालदाराने त्यांना बाजूला घेतले.

"लई झकास गार्ड आहे, भावा. कुठून घेतला?"

"भोसरीतून."

"अन् तू?"

"मी निगडीतून."

"तुझा?"

"गावाकडून आणलाय, परभणीहून."

"असं का? आणि वेल्डिंग तिन्हीकडं एकाच माणसाचं? राव, तो वेल्डर भोसरीला, निगडीला अन् परभणीला हेलिकॉप्टरनं जातो काय?"

कोणी हसले नाही. बाकीचे आठ जणही अशीच वेगवेगळी ठिकाणे सांगून गेले. गाड्या मात्र त्यांनी बिनतक्रार तपासू दिल्या. अकराही गार्डच्या नळ्यांची टोके वेल्डिंग करून बंद केलेली होती. आत काही घालता येणे शक्य नव्हते.

अकरा माणसे खोटे बोलत होती आणि अकरांच्या नळ्या बंद होत्या. टोळी असती तर नळ्या उघड्या असायला हव्या होत्या. देखभाल विभागाच्या मागे नळ्यांचा रॅक होता. हवालदाराने तिथला एक तुकडा उचलून गार्डला लावून पाहिला. जाडी तीच.

कारखान्याच्या वेळेत, कारखान्याच्या सामानातून घरचे काम करून घेण्याची पद्धत या पट्ट्यात जुनी आहे. कोणाला देवघराचे स्टँड, कोणाला कुंड्या ठेवायची घडवंची, कोणाला गाडीचा गार्ड. उरलेल्या तुकड्यांतून होते, त्यामुळे करणारा आणि घेणारा दोघेही त्याला चोरी म्हणत नाहीत. कारखान्याची नियमावली म्हणते आणि शिक्षा बडतर्फीची आहे. ते अकरा जण इन्सर्टची चोरी लपवत नव्हते. इन्सर्टचे त्यांना माहीतच नव्हते. ते नळी लपवत होते.

स्टोअरकीपरही तेच करत असावा, असे मला तेव्हा पहिल्यांदा वाटले.

पण वाटणे जबाबात लिहिता येत नाही. टपरीवालीच्या सांगण्यावरून फिटर गार्ड आवळत होता एवढेच सिद्ध होत होते. गार्ड त्याने बनवला, हे कोणीतरी सांगायला हवे होते. शनिवारी कोठडी संपत होती. त्याआधी दुसरे काही हाती आले नाही तर माझे कागद स्टोअरकीपरच्याच नावाने पुढे जाणार होते.

शुक्रवारी सकाळी नऊला मी कारखान्याच्या व्यवस्थापकाकडे गेलो. नळ्यांच्या वापराबद्दल कोणावरही कारवाई होणार नाही, असे लेखी मागितले.

"लेखी कशाला साहेब? मी तोंडी सांगतो ना सगळ्यांना."

"तोंडी सांगितलेलं ते लोक ऐकणार नाहीत."

"म्हणजे पाइप चोरणाऱ्यांना सोडून द्यायचं?"

"तुमचे इन्सर्ट कोण नेतं ते हवं असेल तर."

त्याने दोन ठिकाणी फोन केले. साडेबाराला पत्र टाइप झाले, मराठीत. त्याने माझ्यासमोर सही केली आणि एक प्रत फलकावर लागली. मी कँटीनशेजारच्या एका खोलीत बसलो. जेवणाच्या सुट्टीत फलकासमोर गर्दी झाली आणि पांगली. दीड वाजला, दोन वाजले. कोणी आले नाही.

अडीचला एक तरुण आत आला. बीड जिल्ह्यातला, वय चोवीस, कंत्राटी कामगार. आदल्या दिवशी त्याने गार्ड भोसरीतून घेतल्याचे सांगितले होते.

"ते कागदावर लिहिलंय ते खरं हाय ना?" त्याने विचारले.

"सही आहे खाली."

"सही हाय ते दिसलं. खरं हाय का ते विचारतोय."

"माझ्यासमोर केलीय सही," मी म्हणालो.

तो बसला. "पर्मनंट लोक बोलणार नाहीत साहेब. त्यांना घालवायला लई हाय. माझं काय, अकरा महिन्यांचा कागद. पण काका आत बसलेत आणि आमी बाहेर गार्ड मिरवतोय. दोन दिवस गाडीवर बसू वाटंना."

त्याने जबाब दिला. गार्ड फिटरनेच बनवले होते. नळीत वाळू ठासून भरायची, मग तापवून वाकवायची, म्हणजे ती चपटी होत नाही. ही त्याची पद्धत. पैसे घेत नसे. बसवून झाल्यावर गाडीपुढे नारळ फोडायला लावायचा आणि अर्धी वाटी स्वतः खायचा. सगळ्यांना त्याच्या मागे लागावे लागले होते. कोणाला दोन महिने, कोणाला चार.

"आणि काकांना?"

तरुणाने थोडा विचार केला. "काकांना त्यानंच विचारलं होतं. दिवाळीनंतर काका घसरले, अंगठा मोडला. हा त्यांना म्हटला, काका, मी गार्ड लावून देतो. आमी चेष्टा केली, म्हटलं, भाऊ, आमचे पाय काय फुकटचे आलेत का?"

त्याच्यामागून आणखी दोघे आले. तेही कंत्राटी. तिघांचे जबाब जुळले. उरलेले आठ जण कायम कामगार होते, त्यांच्यापैकी कोणी आले नाही.

चार वाजता मी ठाण्यात परतलो आणि स्टोअरकीपरला बोलावून पत्राची प्रत त्याच्यासमोर ठेवली. त्याने चष्मा मागितला. तो जमा केलेल्या सामानात होता; आणून दिला. त्याने पत्र सावकाश वाचले.

"म्हणजे पाइपचं त्याच्यावर काही येत नाही?"

"नाही."

"त्यानंच बसवला साहेब," तो म्हणाला. "मी नको म्हटलं होतं. कंपनीचा पाइप हाय, उगं कशाला. तर म्हटला, काका, तुमच्यासाठी एवढं करू नये का? त्याचं नाव सांगितलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. दोन लेकरं हायेत त्याला."

"आणि तुमची नोकरी?"

"मी काही केलंच नव्हतं. मला वाटलं, ते तुम्हाला कळंल."

मी पुढचा प्रश्न विचारला. नळीत माल त्यानेच भरला असेल, असे कधी मनात आले नाही का?

त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आता आलं," तो म्हणाला.

फिटरला साडेपाचला त्याच्या घरून आणले. वय एकेचाळीस, अंगाने काटक, बोलायला मोकळा. गार्ड आपण बनवले, हे त्याने पहिल्या मिनिटात मान्य केले. "त्याचं पत्र लागलंय की फळ्यावर," तो म्हणाला. टपरीवरचे आवळणेही मान्य केले. जुनी गाडी, थरथर फार, नट सैल होतात. प्रत्येक उत्तर त्याच्याकडे तयार होते. मग मी नायलॉनचा तुकडा टेबलावर ठेवला.

"हे काय आहे?"

"बूच हाय."

"कुणी बनवलं?"

"मला काय ठावं?"

"अकरा गार्डांची टोकं तू वेल्डिंगनं बंद केलीस. या एकाच गार्डला आटे पाडून बूच का बसवलंस?"

 हात पुढे करून त्याने तुकडा उचलला, बोटाने आटे चाचपले आणि परत ठेवला.

"पानी द्या," तो म्हणाला.

पाणी प्यायल्यावर त्याने सांगितले. जाळीच्या खोलीतला हवा बाहेर फेकणारा पंखा वरचेवर बिघडे. तो दुरुस्त करताना डब्यांतले नवे इन्सर्ट काढायचे, जुने भरायचे. पाण्याचा पंप पार्किंगला लागून होता. पंप तपासायला जायचे आणि चिंध्यांत गुंडाळलेला माल स्टोअरकीपरच्या गाडीच्या नळीत सोडायचा. शनिवारी टपरीसमोर काढून घ्यायचा. आठवडाभर तो माल रोज संत तुकाराम नगरला जाऊन सकाळी परत कारखान्यात येत होता.

"त्यांचीच गाडी का?"

"काकास्नी गेटवर कोन हात लावत न्हाई. शिकुरिटीवाले उलट नमस्कार घालत्यात. माजे मातुर रोज खिसे उलटे करत्यात. त्ये गेट हाय ना साहेब, तितं आमचं खळं व्हतं."

"सापडले असते तर त्यांचं काय झालं असतं, याचा विचार केला होतास?"

"सापडायचं काय कारन न्हवतं," तो म्हणाला. "बूच चांगलं बसलं व्हतं."

त्याच्या निवेदनावरून पंचांसमक्ष त्याच्या गोठ्यातून, खताच्या रिकाम्या पोत्यांखालून दोनशे बारा इन्सर्ट जप्त केले. माल घेणारा भंगारवाला पुढच्या आठवड्यात महामार्गावर सापडला. शनिवारी स्टोअरकीपरला न्यायालयासमोर उभे केले आणि त्याचा गुन्ह्याशी संबंध नसल्याचा अहवाल दिला. तो दुपारी बाराला सुटला. पत्नी बाहेर उभी होती. दोघे रिक्षाने गेले.

या तपासात माझे काय चुकले, ते मी नंतर भरती झालेल्या उपनिरीक्षकांना सांगत असे. माणूस खोटे बोलतो आहे एवढे कळल्यावर मी थांबलो होतो. तो केवढे लपवतो आहे, हे पाहायला हवे होते. चांगली माणसे लहान गोष्ट लपवायला मोठ्या गुन्हेगाराइतक्याच नेटाने खोटे बोलतात, आणि त्या लहान खोट्याच्या आडोशाला मोठा गुन्हा निवांत बसतो. स्टोअरकीपरच्या जागी थोडा कमी भला माणूस असता, तर त्याने बुधवारीच नाव सांगितले असते आणि प्रकरण दोन दिवस आधी संपले असते.

राहिलेल्या नोंदी अशा.

कारखान्याने स्टोअरकीपरचे निलंबन पुढच्या सोमवारी मागे घेतले. तो निर्दोष असल्याची सूचना फलकावर लावावी, असे आम्ही कळवले होते, ती लागली. तिचा फोटो त्याच्या पत्नीने बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. फिटरवर आणि भंगारवाल्यावर दोषारोपपत्र दाखल झाले. मी निवृत्त झालो तेव्हा खटला साक्षीच्या टप्प्यावर होता.

जबाब देणाऱ्या तिन्ही कंत्राटी कामगारांचा करार जूनमध्ये संपला. त्यांच्याबरोबरच्या इतर कंत्राटींना नवे करार मिळाले. या तिघांना मिळाले नाहीत. मी व्यवस्थापकाला फोन केला.

"कारवाई आम्ही केलेलीच नाही साहेब," तो म्हणाला. "मुदत संपली."

मी त्याला त्याच्या सहीची आठवण करून दिली. पत्रात करार वाढवण्याबद्दल काही लिहिलेले नाही, असे त्याने सांगितले. ते खरे होते. पत्राचा मजकूर मीच तपासला होता.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात कामगार आयुक्तांच्या कार्यालयात या तिघांना परत घेण्यासाठी अर्ज दाखल झाला. माझा जबाब आवश्यक असल्यामुळे मला त्याची प्रत मिळाली. अर्जावर चार सह्या होत्या. पहिली सही स्टोअरकीपरची होती. नावापुढे त्याने हुद्दा आणि नोकरीची अठ्ठावीस वर्षे लिहिली होती. मी ऑगस्टमध्ये जबाब दिला. पुढच्या फेब्रुवारीत बीडच्या तरुणासह दोघांना नव्या कराराची पत्रे मिळाली. तिसरा तोपर्यंत तळवड्याच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला लागला होता.